धोट्याची बाजू: एका सोलापुरी व्हिलनचं प्रकरण

प्रकरण एका सोळा पानी कॉमिकचं आहे, म्हणजे खरं त्यातल्या व्हिलनचं. सोलापुरातली तीन कॉलेजची पोरं, एक लिहिणारा, एक चित्रं काढणारी, आणि एक जण जो फुग्यांमधली अक्षरं घालणार होता आणि छपाईचा खर्च पण करणार होता (खर्च म्हणजे काय तर त्याच्या काकाचं नवी पेठेत झेरॉक्सचं दुकान आहे). यांना सोलापूरचा सुपरहिरो करायचा होता. नाव ठेवलं वायरमन. मला नाव जाम आवडलं, ऐकायला स्पायडरमनचा चुलतभाऊ वाटतो आणि लाईट गेली की आपल्याकडे घरोघरी त्याच्याच नावाचा जप चालू होतो. पहिल्या खर्ड्यात त्याच्या खांद्यावर सोलापुरी चादरीचा केप होता, तो मी काढायला लावला, ती चादर भिजली तर वाळत घालायला दोन माणसं लागतात, हा उडणार कसला.

मला यात ओढलं कारण माझ्याकडं जुन्या कॉमिक्सचा ढीग आहे, इंद्रजालच्या मराठी अंकांपासून ते नंतर मिळेल तिथून जमवलेल्या अमेरिकन अंकांपर्यंत. काम एवढंच होतं की वाचायचं आणि काय बोचतंय ते सांगायचं.

व्हिलनचं नाव धोटा. सोलापूरच्या पूर्व भागात, म्हणजे मागवाल्यांच्या वस्तीत वाढलेल्यांना सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगतो, यंत्रमागावर ताण्याच्या दोऱ्यांमधनं बाण्याचं सूत घेऊन इकडून तिकडं पळतो तो लाकडी तुकडा म्हणजे धोटा, दोन्ही टोकांना लोखंडी टोक, पोटात सुताची कांडी. साधा माग मिनिटाला शंभराच्या वर फेऱ्या सहज मारतो, म्हणजे तो तुकडा कसल्या जोरात जात असेल बघा. आता नवीन रॅपिअर माग आले, त्यांना धोटा लागतच नाही, आणि जुने माग किलोवर भंगारात जातात. तर आपला हा व्हिलन म्हणजे एका छोट्या कारखानदाराचा मुलगा, बापाचे माग भंगारात गेले, आणि हा आता धोटे फेकून मारतो, त्याला पाहिजे तसा धोटा हवेत वळतो, परत हातात येतो. आयडिया एक नंबर. चित्रकार पोरीनं काढलेला धोटा तर असा होता की लाकडावरची झीज, टोकाला लागलेलं तेल, सगळं दिसत होतं.

अडचण पुढं आली.

बिचारा बिचारा बिचारा

लिहिणाऱ्या पोरानं धोट्याला भूतकाळ दिला होता तो असा: बापाचे माग गेले, मग बाप गेला, मग आईला टीबी, बहिणीचं लग्न मोडलं, जिवलग मित्रानं कागदावर सही घेऊन फसवलं, बायको माहेरी गेली ती आलीच नाही, आणि वर त्याच्या कुत्र्याला मोठ्या कारखान्याच्या मालकाच्या गाडीनं उडवलं. सगळं साडेचार पानात. मी विचारलं कुत्रं कशाला रे, तर म्हणला, "सर, फीलिंग यायला पायजे की."

आणि फीलिंग आलं ओ, तोच तर वांधा झाला. कच्चा अंक त्यांनी मित्रांना, भावंडांना, सात रस्त्याला भेळ खाणाऱ्या ओळखीच्या पोरांना वाचायला दिला. शेवटी काय होतं, तर धोटा अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या त्या मोठ्या मालकाच्या गोडाऊनवर रात्री हल्ला करतो, दारावरच्या वॉचमनला धोटा मारून पाडतो, आत जाऊन सगळा माल फाडतो, आणि वायरमन येऊन त्याला पकडतो. वाचणाऱ्यांचं म्हणणं जवळपास एकच आलं. वायरमननं त्याला का पकडलं बे, तो बरोबरच करत होता की. एकानं तर वायरमनला मालकाचा चमचा ठरवलं. मी मुद्दाम एकेकाला विचारलं, आणि वॉचमनचं काय झालं मग? तर "कुठला वॉचमन?" असं. परत पान उलटून बघितलं तेव्हा सापडला. एका चौकटीत होता, टोपीची सावली तोंडावर, नाव नाही, बोलणं नाही, फक्त "धाड".

लिहिणारा पोरगा खूश होता. व्हिलन हिरोपेक्षा भारी झाला, अजून काय पाहिजे? चित्रकार पोरगी खूश नव्हती, पण तिला नेमकं काय खटकतंय ते सांगता येत नव्हतं, ती फक्त म्हणत होती, "हे रडगाणं झालंय, व्हिलन नाही झाला." मला तिचं पटत होतं, पण नुसतं पटून काय उपयोग, पोराला दाखवायला तर पाहिजे. म्हणून मग ढीग उपसला.

जुने व्हिलन काढून बसलो

आधी एक गोष्ट सांगतो जी नव्या पोरांना माहीतच नसते. सुपरहिरो कॉमिक्समधल्या बहुतेक नामांकित व्हिलनना सुरुवातीला दुःखद भूतकाळ वगैरे काही नव्हता. ते यायचे, हसायचे, मार खायचे. जोकर १९४० ला बॅटमनच्या पहिल्याच अंकात आला तेव्हा तो कोण, कुठला, काहीच नाही. मॅग्नेटो १९६३ ला एक्स-मेनच्या पहिल्या अंकात आला, स्टॅन ली आणि जॅक कर्बीचा, तेव्हा तो निव्वळ जग जिंकायला निघालेला माणूस होता. भूतकाळ नंतर जोडले गेले, वेगळ्या लेखकांनी, कधी कधी दोन-तीन दशकांनी. त्यामुळं जोडण्याआधीचा आणि नंतरचा असे दोन्ही नमुने समोर ठेवून बघता येतं की नक्की काय बदललं.

सगळ्यात स्वच्छ नमुना मिस्टर फ्रीझचा. १९५९ ला बॅटमनच्या १२१ व्या अंकात तो मिस्टर झीरो नावानं आला, बर्फाच्या बंदुकीचा प्रयोग फसला म्हणून थंडीतच जगू शकणारा चोर, बस्स, कामापुरता माणूस. मग १९९२ ला बॅटमनच्या कार्टून मालिकेत पॉल डिनीनं लिहिलेला एक भाग आला आणि हा फालतू व्हिलन रातोरात मोठा झाला. त्यात त्याची बायको नोरा असाध्य आजारानं मरायला टेकलेली, त्यानं तिला गोठवून ठेवलेलं, इलाज शोधतोय, आणि कंपनीचा साहेब फेरिस बॉईल येऊन खर्च परवडत नाही म्हणून प्रयोग बंद पाडतो, झटापटीत यालाच रसायनात ढकलतो. पुढं कॉमिक्सनी पण हीच कहाणी उचलली. म्हणजे बघा, एक बायको, एक साहेब, एक रात्र. टीबी नाही, कुत्रं नाही.

पण मी पोराला जे दाखवलं ते वेगळंच होतं. त्याच भागात फ्रीझच्या स्वतःच्या एका माणसाचे पाय झटापटीत फ्रीझच्याच बंदुकीनं गोठतात. फ्रीझ त्याला तिथंच टाकून निघून जातो. त्याला वाचवायला थांबतो कोण तर बॅटमन. दोन-तीन मिनिटांचा सीन असेल, पण तो काढून टाकला तर फ्रीझ नुसता बिचारा उरतो. नोरासाठी सगळं जग जाळायला, म्हणजे गोठवायला निघालेला माणूस स्वतःच्या पगारी गड्याकडं ढुंकून बघत नाही, हे आपल्याला दिसतं, त्याला दिसत नाही. तो जेव्हा स्वतःची गोष्ट सांगतो तेव्हा त्यात नोरा असते, बॉईल असतो, हा पाय गोठलेला गडी कधीच नसतो.

इथं मला धागा सापडला. व्हिलनचं दुःख किती मोठं, हे मोजून काही होत नाही. तो स्वतःची कहाणी सांगताना कोणाला गाळतो, ते बघायचं.

एकदा हे डोक्यात आलं की मग सगळीकडं दिसायला लागतं. डॉक्टर डूम घ्या, फँटॅस्टिक फोर या हिरोंच्या टोळीचा दुश्मन. १९६२ ला त्यांच्या पाचव्या अंकात आला, भूतकाळ मिळाला १९६४ च्या दुसऱ्या वार्षिक अंकात. आणि भूतकाळ खरंच भयंकर आहे, बाप वैद्य, भटक्या रोमा लोकांतला, सरदाराच्या बायकोला वाचवू शकला नाही म्हणून पोराला घेऊन बर्फात पळावं लागलं, पोराला स्वतःच्या अंगाखाली झाकून तो थंडीनं मेला. हे वाचून कोणाचाही जीव हलेल. पण चेहरा कसा बिघडला? कॉलेजात यंत्र बनवत होता, रीड रिचर्ड्सनं, म्हणजे पुढं त्याच टोळीचा म्होरक्या झाला त्यानं, वही बघून सांगितलं की आकडेमोड चुकलीय, यानं त्याला हाकलून लावलं, यंत्र फुटलं. आणि पुढं आयुष्यभर दोष कोणाला तर रीडला. ती वहीतली चूक डूमच्या कहाणीत नसते. लिहिणारा पोरगा हे ऐकून पहिल्यांदा जरा सरळ बसला.

जोकरचं तर उघडच आहे, १९८८ च्या 'द किलिंग जोक'मध्ये अॅलन मूरनं त्याला फसलेला विनोदवीर, मेलेली गरोदर बायको, रसायनाची टाकी असा सगळा ऐवज दिला आणि पुढं त्याच्याच तोंडी घातलं की भूतकाळ असायचाच असेल तर मला पर्याय असलेला बरा. म्हणजे तो स्वतःच सांगतोय की माझ्या बोलण्यावर जाऊ नका. एका वाईट दिवसानं कोणीही वेडा होतो हे त्याला सिद्ध करायचं असतं, त्यासाठी तो बार्बरा गॉर्डनला गोळी घालतो, तिच्या बापाला, कमिशनर गॉर्डनला पकडून छळतो, आणि गॉर्डन काही वेडा होत नाही. मला स्वतःला विचाराल तर त्या पुस्तकात बार्बराला फारच कमी जागा मिळालीय, जिच्यावर सगळं गुदरलं तीच कोपऱ्यात. गाजलेलं पुस्तक असलं म्हणून काय झालं.

फ्रीझचा अजून एक फेरा आहे. २०१२ ला बॅटमनच्या वार्षिक अंकात स्कॉट स्नायडर आणि जेम्स टायनियन यांनी सगळंच उलटवलं. नोरा त्याची बायको नव्हतीच, ती त्याच्या जन्माआधीच गोठवलेली एक बाई, त्यानं तिच्यावर प्रबंध लिहिला आणि मनातल्या मनात संसार थाटला. लई वाचक भडकले आणि मी पण भडकलो होतो. डोकेबाज आहे, पण यात त्याचं प्रेमच काढून घेतलं, म्हणजे दुःखच खोटं केलं. मग कोणाला गाळलं हा प्रश्नच उरत नाही, सगळंच गाळीव. नंतरच्या कॉमिक्समध्ये नोरा परत बायको झाली ते बरंच झालं.

मॅग्नेटोवर मात्र आमचं बराच वेळ अडलं. कारण लिहिणाऱ्या पोरानं बरोबर मुद्दा काढला, "सर, मॅग्नेटो कुठं काय गाळतो? त्याच्यावर झालेलं खरंच आहे." खरंच आहे. १९८१ चा एक्स-मेनचा १५० वा अंक, ख्रिस क्लेअरमाँटनं लिहिलेला, त्यात पहिल्यांदा आउश्विट्झ, म्हणजे ज्यूंना मारायची नाझींची छावणी येते, डोळ्यासमोर मारलेलं कुटुंब येतं. यात चुकलेली वही नाही, मनातली बायको नाही. पण त्याच अंकात बघा काय होतं. तो एक रशियन पाणबुडी आतल्या माणसांसकट बुडवतो आणि त्याचं त्याला काहीच वाटत नाही. मग लढाईत त्याच्या हातून किटी प्राइड पडते, एक्स-मेनमधली शाळकरी पोरगी, ती पण ज्यू. ती मेली असं वाटून हा माणूस थांबतो, लढाईच सोडून देतो. पाणबुडीतल्या लोकांना तोंडं नव्हती, किटीला तोंड होतं. आणि पाणबुडी पण लेखक विसरला नाही, १९८५ च्या २०० व्या अंकात पॅरिसला खटला उभा राहतो तेव्हा ती पुढं येतेच.

मी म्हणलं, हा तुझा वॉचमन. पाणबुडीत ठेवलायस त्याला.

यात अमेरिकेचंच काही विशेष आहे असं नाही. कर्णाचं बघा ना आपल्याकडं. कर्ण म्हणलं की आपल्याला गहिवरून येतं, सूतपुत्र म्हणून झालेला अपमान, कवचकुंडलं, रुतलेलं चाक, सगळं तोंडपाठ. द्यूतसभेत द्रौपदीला तो काय बोलला ते विचारलं की माणसं विषय बदलतात. व्यासांनी ते लिहून ठेवलंय, गाळतो आपण.

काय कापलं, काय घातलं

कापाकापीला लिहिणारा पोरगा सहजासहजी तयार नव्हता. कुत्रं सुटलं लगेच, टीबी पण सुटली, बायको माहेरी गेलेली मात्र त्यानं बरेच दिवस धरून ठेवली, का ते मी विचारलं नाही. शेवटी उरलं एवढंच: बापाचे माग भंगारात जातात तो दिवस. चित्रकार पोरीनं त्याचं एक पूर्ण पान केलं. काट्यावर चढवलेला मागाचा सांगाडा, भंगारवाल्याच्या हातात बिडी, बाप हिशोबाच्या कागदाकडं न बघता मागाच्या पट्ट्याला हात लावून उभा, आणि बारकं पोरगं खाली पडलेला एक धोटा उचलून शर्टात लपवतंय. एक शब्द नाही पानावर. साडेचार पानांच्या रडगाण्यापेक्षा हे एक पान भारी पडलं, हे तिघांनी पण मान्य केलं.

मग वॉचमन. इथं खरं काम चित्रकार पोरीनं केलं. तिची आजी कांड्या भरायला जायची कारखान्यात, त्यामुळं तिला माहीत होतं की जुन्या मागावर कधी कधी धोटा सटकून बाहेर उडतो आणि समोर जो असेल त्याला लागतो, तोंडाला, डोळ्याला. तिनं विचारलं, "वॉचमन आधी ह्यांच्याच कारखान्यात जॉबर असला तर?" जॉबर म्हणजे माग दुरुस्त करणारा, लावून देणारा माणूस. माग गेले तसं त्याचं पण काम गेलं, मग म्हातारपणी गोडाऊनवर रात्रपाळी. आणि त्याचा एक डोळा गेलेला, ह्यांच्याच मागावर, उडालेल्या धोट्यानं.

लिहिणारा पोरगा बराच वेळ गप्प. मग त्यानं जे लिहून आणलं त्याला मी हात पण लावला नाही. गोडाऊनच्या दारात धोटा हात उचलतो, म्हातारा टॉर्च मारतो, ओळखतो. तीन चौकटी नुसतं एकमेकांकडं बघणं. मग म्हातारा तोंड जरा वळवतो आणि म्हणतो, "धाकटे मालक, मारायचं तर या बाजूनं मारा ओ. इकडून मला दिसत नाही."

पोरानं धोट्याची आधीची सगळी भाषणं पण परत तपासली. त्यात कुठंही या जॉबरचं नाव नाही हे त्यानं मुद्दाम राखलं. आमचे माग, आमचा बाप, आमचं घर, पानभर बोलतो, पण त्या कारखान्यात अजून सहा माणसं पोटाला होती आणि त्या दिवशी ती पण घरी गेली, हे एकदा पण येत नाही त्याच्या तोंडी. आणि भंगाराच्या त्या पानावर मागं भिंतीला टेकून डोळ्याला पट्टी बांधलेला एक माणूस उभा आहे, पहिल्यांदा वाचताना कोणाला दिसत नाही.

एका गोष्टीवर माझं आणि पोराचं जमलं नाही. मला वाटत होतं धोट्यानं तिथं हात खाली घ्यावा, मॅग्नेटोसारखा. तो म्हणला, "नाय सर, ह्यानं मारायलाच पायजे, नायतर तो व्हिलन कसला." भांडलो बऱ्यापैकी. शेवटी त्यानं त्याचंच केलं, धोटा हात उचलतो, बाजू बदलतो, दिसणाऱ्या डोळ्याच्या बाजूला येतो, आणि मारतो. म्हणजे त्यानं म्हाताऱ्याचं ऐकलंच नाही, उलट त्याला बघू दिलं. हे क्रूर आहे की एक प्रकारचा मान आहे यावर अजून आमच्यात एकमत नाही, पण पान चालतं, आणि पान चालतंय म्हणल्यावर संपादकानं तोंड बंद ठेवावं.

मग वाचणाऱ्यांनी काय केलं

तेच लोक, नवा अंक. यावेळी सगळे एका बाजूला नव्हते. काहींना धोटा अजूनही बरोबर वाटत होता, मालकाचं गोडाऊन फाडलं ते चांगलंच केलं, पण म्हाताऱ्याला कशाला? एकानं विचारलं धोट्यानं त्याला ओळखलं होतं का आधीपासून, हा प्रश्न कोणीतरी विचारावा म्हणून तर त्या तीन चौकटी होत्या. सात रस्त्यावरचा जो वायरमनला चमचा म्हणला होता तो यावेळी म्हणला की वायरमन उशिरा का येतो, आधी आला असता तर. विडी घरकुलात राहणाऱ्या एका मित्रानं अंक घरी नेला, त्याच्या वडलांनी वाचला, ते मागावरच होते इतकी वर्षं, आणि त्यांनी फक्त जॉबरच्या हातातला पाना चुकीचा काढलाय एवढंच कळवलं. तो दुरुस्त केला.

धोट्याचा टी-शर्ट पाहिजे म्हणणारे दोघं निघाले. निघणारच, जोकरचे किती विकले जातात बघा. त्याला इलाज नाही आणि मला वाटतं करूही नये.

अडचण एकच राहिली ती म्हणजे वायरमन. धोटा, जॉबर, भंगारवाला, सगळ्यांना जीव आला आणि हिरो तसाच, खांबावरून उतरतो, शॉक देतो, पोलिसांना बोलावतो. इंद्रजालमधल्या वेताळाला, म्हणजे फँटमला, निदान कवटी हातात धरून शपथ घेणारा पूर्वज तरी होता, ह्याला काहीच नाही. दुसऱ्या अंकाचं चाललंय आता. लिहिणारा पोरगा म्हणतोय वायरमनच्या पण बापाचे माग भंगारात गेलेले दाखवू, दोघांचा एकच भूतकाळ, एक असा झाला एक तसा झाला. मी म्हणलं नको बाबा, आधीच सगळ्या सोलापूरचे माग तू एकटाच विकायला निघालायस. चित्रकार पोरीचं म्हणणं वेगळं आहे, तिला जॉबरची मुलगी आणायचीय, आणि ती कोणाच्या बाजूनं असेल ते ती आम्हाला सांगत नाहीये.